नाव एका फळाचं, बरणी दुसऱ्याची

गेल्या जानेवारीत भाची लिस्बनहून आली. बॅगेतून स्वेटर, पुस्तकं, आजीसाठी मोजे असं एकेक निघत होतं. शेवटी सेलोफेनमध्ये गुंडाळलेली एक वडी निघाली. आकाराने कपड्यांच्या साबणाएवढी, रंगाने विटेसारखी. "मावशी, तुला मार्मलेड आवडतं ना, म्हणून मुद्दाम त्याच्या माहेरचं आणलंय." कागदावर नाव होतं 'मार्मेलादा'.

मी पाव भाजायला ठेवला आणि चमचा घेतला. चमचा त्यात रुतेना, सुरीने काप काढावा लागला. आत सालीचा तुकडा नाही, पारदर्शक गर नाही, संत्र्याचा वास तर नाहीच. जिभेवर ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, हे तर पेराद!"

माझं लहानपण म्हापशात गेलं. बाबांची नोकरी तिथे होती आणि आम्ही एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. घरमालकीण ख्रिश्चन होत्या, आम्ही पोरं त्यांना आंटी म्हणायचो. नाताळच्या आधी आठवडाभर त्यांच्या स्वयंपाकघरात पेरू शिजायचे. शिजलेले पेरू चाळणीवर घासून बिया वेगळ्या काढायच्या, गराच्या वजनाइतकी साखर घालायची, वर लिंबू पिळायचं आणि जाड बुडाच्या भांड्यात ते ढवळत बसायचं. गर घट्ट होऊ लागला की त्याचे शिंतोडे उडतात आणि ते भाजतात. म्हणून आंटी कोपरापर्यंत फडकं गुंडाळून घ्यायच्या. रंग गुलाबीचा विटकरी झाला आणि गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांसारखे काप करायचे. नाताळला शेजारीपाजारी जी ताटं जायची त्यात दोस, नेवऱ्या, बेबिंक यांच्या जोडीला हे पेराद असायचं. त्यातले दोन काप मी नेहमी फ्रॉकच्या खिशात लपवायची. खिशाला डाग पडायचे.

लिस्बनची ही वडी त्याच चवीची. तंतोतंत नव्हे, पेरूचा तो दरवळ तिच्यात नव्हता. पण दाताखाली तोच रवाळ मऊपणा, तीच आंबटसर गोडी, शिजून शिजून आलेला तोच रंग. हे दोन पदार्थ एकाच घरातले, याबद्दल मला शंका उरली नाही.

घर खरोखरच एक निघालं. पोर्तुगीजमध्ये 'मार्मेलो' नावाचं एक फळ आहे. इंग्रजीत क्विन्स म्हणतात ते हेच. दिसायला ओबडधोबड पेअरसारखं, पिवळं, वर बारीक लव. कच्चं खायला गेलं तर दगडासारखं कठीण आणि तुरट. पण वास असा की एक फळ खोलीत ठेवलं तरी खोली भरून जावी. शिजवलं की फिकट गर गुलाबी होतो, आणखी शिजवलं की लालसर. पोर्तुगीजमध्ये फळाच्या नावाला 'आदा' जोडला की त्या फळापासून केलेल्या पदार्थाचं नाव होतं. 'लिमाँव'चं 'लिमोनादा' होतं, तसं मार्मेलोचं मार्मेलादा. म्हणजे मार्मलेड या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'मार्मेलोचं केलेलं'. त्यात संत्रं कुठेच नाही.

मार्मेलो हा शब्दही तसा प्रवासीच. तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीकमध्ये मेलि म्हणजे मध आणि मेलोन म्हणजे सफरचंद, मिळून 'मधाचं सफरचंद'. ही फळं मधात घालून टिकवायची रीत भूमध्य समुद्राच्या काठांवर फार जुनी आहे. साखर आली तेव्हा मधाची जागा साखरेने घेतली. लिस्बनजवळच्या ओदिव्हेलास इथल्या मठातल्या जोगिणींची पांढरी मार्मेलादा पुढे प्रसिद्ध झाली. स्पेनमध्ये हाच पदार्थ 'मेम्ब्रियो' नावाने चीजबरोबर खातात.

हे फळ मी कधी पाहिलेलं नाही असं मला वाटत होतं. आईने ते खोटं ठरवलं, निदान अर्धं तरी. मी तिला फळाचं वर्णन वाचून दाखवत होते आणि 'फारसीत याला बिही म्हणतात' इथवर आले, तशी ती म्हणाली, "म्हणजे बिहीदाण्यातलं बिही?" काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत मिळणारे ते काळपट, एकमेकांना चिकटलेले दाणे. कोरडा खोकला झाला की आजी रात्री ते वाटीत भिजत घालायची. सकाळी पाण्याची बुळबुळीत खीर झालेली असायची आणि ती नाक दाबून प्यावी लागायची. ते दाणे क्विन्सच्या बिया. ते फळ आमच्या फडताळात, सुपारीच्या डब्याशेजारी, कित्येक वर्षं बसून होतं आणि मी त्याला सातासमुद्रापलीकडचं समजत होते.

पोर्तुगीज जिथे गेले तिथे हा 'आदा' बरोबर घेऊन गेले. मार्मेलोला थंडी लागते, उष्ण मुलखात तो कसा यायचा? मग तिथलं जे फळ हाताला लागलं त्याचं तेच केलं. ब्राझीलमध्ये पेरूला 'गोयाबा' म्हणतात, त्याची झाली गोयाबादा. गोव्यात आंब्याची मांगाद झाली आणि पेरूचं पेराद. गंमत अशी की 'पेरा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये पेअर. अमेरिकेतून आलेलं पेरूचं फळ दिसायला पेअरसारखं, म्हणून नाव तेच चिकटलं. कोकणीत ते 'पेर' झालं आणि मराठीत 'पेरू'. पेरू देशावरून हे नाव आलं असं शाळेत कुणीतरी सांगितलेलं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. मला पेअरवाला उगम जास्त पटतो, कारण म्हापशाच्या बाजारात मी तो शब्द दोन्ही अवस्थांत ऐकला आहे.

लिस्बनमधली वडी आणि म्हापशातलं पेराद या सख्ख्या बहिणी. मग ज्या बरणीला आपण मार्मलेड म्हणतो, ती संत्र्याच्या सालीची, कडवट, काचेतून उजेड जाऊ देणारी, ती या घरात कशी आली?

इंग्लंडमध्ये मार्मेलादा पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालहून पोचली. ती यायची लाकडाच्या गोल डब्यांतून, वडीच्या रूपात. महाग वस्तू, श्रीमंतांच्या घरची. जेवणानंतर पचनाला बरी म्हणून तिचे काप खायचे, म्हणजे जवळजवळ औषधच. 1524 साली एक्सिटरच्या हल नावाच्या गृहस्थाने आठव्या हेन्री राजाला मार्मलेडचा एक डबा नजर केल्याची नोंद आहे. राजाला द्यावी अशी ती वस्तू होती, आणि त्या डब्यात साल नव्हती, क्विन्स होतं.

म्हणूनच ती मेरी राणीची गोष्ट मला मनापासून नको वाटते. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली, फ्रेंच दासी 'मारी मालाद' म्हणजे 'मेरी आजारी आहे' असं पुटपुटत संत्र्याचा पाक करू लागल्या आणि त्यावरून मार्मलेड शब्द झाला, अशी ती कथा. मेरीचा जन्म 1542 चा. हेन्रीचा डबा त्याच्या अठरा वर्षं आधीचा. इतकी साधी वजाबाकी असूनही ती कथा अजून सांगितली जाते, कारण राणीच्या आजारपणात जो ओलावा आहे तो एका फळाच्या नावात नाही, असं लोकांना वाटतं. मला उलट वाटतं. एखादं फळ आपलं नाव दुसऱ्याला देऊन स्वतः मागे राहतं, यात मला जास्त ओलावा दिसतो.

इंग्रज गृहिणी मार्मलेड घरी करू लागल्या तेव्हा क्विन्सच्या पद्धतीनेच त्यांनी इतर फळं शिजवली. त्यातच संत्री आली. सतराव्या शतकातली, 1677 च्या सुमाराची, चेशरमधल्या एलायझा चमली या बाईंच्या हस्तलिखितातली 'मार्मेलेट ऑफ ऑरेंजेस' ही कृती सगळ्यांत जुन्यांपैकी मानतात. तीसुद्धा घट्ट लगद्याचीच. 1714 मध्ये मेरी केटिल्बी यांच्या पुस्तकात मात्र मिश्रण जेलीसारखं होईपर्यंत शिजवायला सांगितलं आहे. सुरीने कापायची वडी चमच्यावर आली ती या टप्प्यावर.

आणि ही संत्री कुठली? स्पेनमधल्या सेव्हिलची. कडू संत्री. या फळाचा विषय निघाला की मला थांबवत नाही, कारण त्याचं नाव आपल्याकडून गेलं आहे.

संस्कृतात 'नारङ्ग', त्याच्याही मागे बहुधा एखादा द्राविडी शब्द. फारसीत तो 'नारंग' झाला, अरबीत 'नारंज'. अरबांनी हे झाड पश्चिमेला नेलं, सिसिलीत, अंदालुसियात लावलं. स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'लारांजा'. फ्रान्सकडे जाताना पहिला 'न' गळाला आणि 'ऑरेंज' उरलं. युरोपाने हा शब्द प्रथम शिकला तो या कडू फळासाठी. गोड संत्रं मागाहून आलं, ते पोर्तुगीजांच्या व्यापारातून. म्हणून अरबीत गोड संत्र्याला 'बुर्तुकाल', तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली' म्हणतात. म्हणजे पोर्तुगालने एका फळाला आपलं नाव दिलं आणि दुसऱ्या फळाचं नाव एका पाकाला.

सेव्हिलच्या रस्त्यांवर कडू संत्र्यांची हजारो झाडं आहेत. तिथल्या कॅथेड्रलला लागून 'संत्र्यांचं अंगण' आहे. ते मूळचं मशिदीचं, वजू करायचं अंगण. ही फळं तिथे कुणी सोलून खात नाही. बागांमधली जानेवारी-फेब्रुवारीत तोडली जातात आणि त्यांतली बरीचशी ब्रिटनला मार्मलेडसाठी जातात. भाची एकदा थंडीत तिथे गेली होती. तिने एक फळ सोलून तोंडात टाकलं आणि तसंच थुंकलं. बाकावरचे आजोबा हसून तिला म्हणाले, हे इंग्रजांचं.

आता डंडी. मार्मलेडचा शोध स्कॉटलंडमधल्या डंडी गावात लागला, अशी समजूत सर्वत्र आहे. वादळात बंदराला लागलेलं स्पॅनिश जहाज, त्यातली कडू संत्री, ती स्वस्तात घेऊन पस्तावलेला कीलर नावाचा दुकानदार आणि त्यांचं सोनं करणारी घरातली जॅनेट कीलर. सांगायला गोड गोष्ट. पण इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन 1773 मध्ये स्कॉटलंडभर हिंडले आणि तिथल्या न्याहारीत लोणी, मध आणि मार्मलेड असतं हे त्यांनी कौतुकाने लिहून ठेवलं. कीलर यांच्या व्यवसायाची सुरुवात 1797 ची. जॅनेटबाईंच्या हाताला चव असेल, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. न्याहारीच्या टेबलावर मार्मलेड ठेवण्याचं श्रेयही स्कॉटलंडचंच. पण ते एका जहाजाचं नाही, अनेक अनामिक स्वयंपाकघरांचं आहे, आणि त्या बायकांची नावं कुठल्याच बरणीवर आली नाहीत.

कीलरांच्या पांढऱ्या दगडी बरण्या मात्र साम्राज्यभर गेल्या. साखर स्वस्त झाल्याशिवाय हे झालं नसतं, आणि ती साखर आधी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामाची होती, हे मार्मलेडचं कौतुक करताना विसरू नये. साखरेवरचा कर इतका जाचक होता की 1857 मध्ये कीलरांनी गर्न्सी बेटावर कारखाना काढला, कारण तिथे कर कमी. 1874 मध्ये ब्रिटनने साखरेचं आयात शुल्कच काढून टाकलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये सारा जेन कूपर यांनी केलेलं जाड सालीचं मार्मलेड त्यांचे पती फ्रँक यांच्या दुकानात विकायला आलं. राजाच्या डब्यातली वस्तू अशी कारकुनाच्या टोस्टवर आली.

शब्दावरचा हक्कही मग कायद्याने सांगितला गेला. युरोपीय समुदायाच्या 1979 च्या आणि नंतर 2001 च्या नियमांनी ठरवलं की मार्मलेड म्हणजे लिंबूवर्गीय फळांचंच. एक किलोत निदान 200 ग्रॅम फळ, त्यातलं 75 ग्रॅम आतल्या गराचं. जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक तर जर्दाळूच्या, स्ट्रॉबेरीच्या, सगळ्याच जॅमला 'मार्मेलाडं' म्हणतात. त्यांची मोठी पंचाईत झाली आणि 2004 मध्ये स्थानिक बाजारांपुरती सूट द्यावी लागली. पोर्तुगीजांनी काय करावं? त्यांच्याकडे मार्मेलादा क्विन्सचीच, ती काही सोडता येईना. म्हणून त्यांच्या कायद्यात संत्र्याच्या मार्मलेडसाठी वेगळा शब्द आला, 'सित्रिनादा'. पुन्हा तोच आदा! 2024 च्या सुधारणेने मार्मलेड या नावाची दारं पुन्हा जरा उघडली आहेत. मला ते बरं वाटलं.

हे सगळं वाचता वाचता मनात आपली तुलना चालू होती. अरबीत 'मुरब्बा' म्हणजे वाढवलेलं, जोपासलेलं. मूल वाढवणं आणि फळ पाकात टिकवणं, दोन्ही एकाच धातूतून. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीने तो ऐकताना त्यात आंबा ऐकला. मोरांबा. मग आवळ्याचा मोरावळा. शिवाय आपल्याला 'मुरणं' हेही त्यात ऐकू येतं. पोर्तुगीजांनी फळापुढे आदा लावला, आपण फळालाच शब्दात शिवून टाकलं. मराठी या बाबतीत पक्की, असं मला वाटलं. मार्मलेडसारखं फळ हरवायला हिच्या शब्दात जागाच नाही.

दिवाळीनंतर मी स्वतः करून पाहायचं ठरवलं. आंबिया बहराची नागपुरी संत्री बाजारात आली होती. एरवी त्यांच्या साली आई उन्हात वाळवून उटण्यासाठी ठेवते. या वेळी मी त्या बारीक चिरल्या, रस काढला, साखर घातली आणि शिजवत बसले. तासाभराने हाती आला तो दाट, चिकट, नुसता गोड पाक. गार केला, रात्रभर ठेवला, पण धरेना. साली चामट झाल्या होत्या. मला वाईट वाटलं, कारण दोन डझन चांगली संत्री वाया गेली.

चूक नंतर कळली, आणि कळली ती मोरावळ्याच्या अंगाने. आवळे आपण टोचतो, वाफवतो, मऊ करतो आणि मगच पाकात सोडतो. साखर आधी पडली की फळाचं पाणी ओढून घेते आणि ते कडक होतं. सालीचंही तेच. ती आधी पाण्यात बोटाने चेपली जाईपर्यंत शिजायला हवी. दुसरी गोष्ट तारेची. मोरांब्यात आपण एकतारी पाक पाहतो, मार्मलेड तारेवर चालत नाही. त्याला धरून ठेवतं ते पेक्टिन. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1825 मध्ये ग्रीकमधल्या 'गोठणं' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव ठेवलं. पेक्टिन असतं सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत, म्हणजे आपण जे काढून टाकतो त्यातच. आंबटपणा पुरेसा असेल आणि उकळता उकळता साखरेचं प्रमाण शंभरात 65 च्या आसपास पोचलं, की पेक्टिनच्या लांब साखळ्या एकमेकींना धरतात आणि पाणी त्यांच्या जाळीत अडकतं. मिश्रण 105 अंशांना आलं की ती वेळ आली. क्विन्समध्ये पेक्टिन भरपूर असतं, म्हणून तर मधाच्या काळापासून त्याच्या वड्या पडत आल्या. कडू संत्रंही त्या बाबतीत श्रीमंत. नागपुरी संत्र्याची साल मात्र पातळ आणि सैल, पांढरा भाग जवळजवळ नाहीच.

मग कडू संत्रं आणायचं कुठून? उत्तर वनस्पतिशास्त्राच्या एका ओळीत सापडलं. कडू संत्रं हे मूळ फळ नव्हे, ते पपनस आणि मँडरिन यांचं लेकरू. नागपुरी संत्रं मँडरिनच्या कुळातलं. पपनस तर आपल्याकडे गणपतीपुढे असतंच. त्याच्या सालीखाली बोटभर जाड पांढरा गादला असतो, आणि त्याच्यातला कडूपणा ज्या द्रव्याने येतो त्याचं नाव नॅरिंजिन, तेही नारंगीवरूनच ठेवलेलं. आईबाप दोघेही माझ्या भाजीवाल्याकडे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

या वेळी एक पपनस आणि आठ संत्री. दोघांच्या साली बारीक चिरल्या, पपनसाच्या बिया आणि थोडा गादला पातळ मलमलच्या कापडात बांधला, सगळं रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी दोन तास मंद आंच. साल चेपून पाहिली, कापडाची पुरचुंडी गार करून भांड्यात घट्ट पिळली. बोटांना लागला तो बुळबुळीतपणा मला लगेच ओळखीचा वाटला, आजीच्या बिहीदाण्याच्या वाटीतला. मग चार लिंबांचा रस आणि साखर, आणि आंच मोठी. फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला, तर त्यावर सुरकुती पडली. मी स्वयंपाकघरात एकटीच होते आणि मोठ्याने "धरलं!" म्हणाले.

चार बरण्या झाल्या. खिडकीत ओळीने ठेवल्या तर उजेड आरपार आला, आत सालीचे तुकडे तरंगत असल्यासारखे. एक भाचीसाठी, एक शेजारी. लेबलं चिकटवायची होती आणि नाव सुचत नव्हतं. मार्मलेड लिहावं तर मार्मेलोची आठवण येत होती. मोरनारिंग असं काही जुळवून कागदावर लिहून पाहिलं, खोडलं.

आई दुपारी उठली. पोळीच्या तुकड्याला थोडं लावून तिने चाखलं, डोळे बारीक केले, पुन्हा बोट बुडवलं.

"कडू आहे जरा. पण संत्र्याचा मोरांबा छान झालाय हो," म्हणाली, आणि एक बरणी उचलून फडताळात बिहीदाण्याच्या पुडीशेजारी ठेवून आली.